पोट लहान झाल्यानंतर

मित्रांनो, माझ्या अंगाचा पांढरा रंग हळदीने केव्हाच पिवळा पडला आहे. झाकणाला चीर गेली आहे आणि चालू होताना मी म्हाताऱ्या माणसासारखा खाकरतो. तरी तुम्ही मला ओळखाल, कारण तुमच्या घरात असतो तसाच मी एक मिक्सर आहे. फक्त माझी उमेदीची वर्षे सौदी अरेबियात गेली. आता मी म्हसळ्याजवळच्या एका खेड्यात, फळीवर असतो. ज्या माणसासाठी मी सर्वांत जास्त राबलो, त्याची हकीकत तुम्हाला सांगावी असे फार दिवस मनात आहे. ती आनंदाची नाही. तरी ऐका.

माझा जन्म वसईकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बाया माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळताना एकमेकींच्या सुनांविषयी बोलत असत. बिलकिसच्या आईने मला लेकीच्या लग्नात दिले. बिलकिसने मला गोधडीत गुंडाळले आणि विमानातून खमीस मुशैतला नेले.

सौदी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे वाळू येत असेल. खमीस मुशैत मात्र डोंगरावर आहे. थंडीत तिथे धुके खिडकीच्या काचेला टेकून बसे. त्या खिडकीखाली माझी जागा होती. बिलकिसचे यजमान गफूरभाई तिथल्या बाजारात भांड्यांच्या दुकानात विक्रेते होते. माणूस मोठा बोलका. अरबी बाईला पातेले दाखवताना ते त्याच्या बुडावर असे टिचकी मारत, की बाई दोन पातेली घेऊनच जाई. त्यांची मुलगी सहर खमीसलाच जन्मली.

त्या काळात मला विसावा नव्हता. खोबऱ्याचे वाटण, सांदणाचे पीठ, खाली जिझानच्या किनाऱ्यावरून आलेल्या मासळीसाठी हिरवा मसाला, सगळे माझ्याच भांड्यातून जाई. गफूरभाई पोटभर जेवत आणि वर पुन्हा जेवत. दुपारी दुकानात सगळे मिळून मोठ्या थाळ्यातला भात आणि मटण खात, सोबत थंड गोड बाटली. वर्षे गेली तशी त्यांची खुर्ची बदलावी लागली. गुडघे धरले. साखर वाढली. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबे आणि बिलकिस दचकून त्यांना हलवी.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. पोटाचा मोठा भाग कापून काढायचा आणि केळ्याएवढी पिशवी ठेवायची. खर्च विम्यातून होणार होता. बिलकिस घाबरली.

"चांगला पोट कापून टाकायचा? आणि मग खायचा काय?"

"थोडं खायचं," गफूरभाई म्हणाले. "सहरचं लग्न बघायचं असेल तर थोडंच खायचं."

शस्त्रक्रिया नीट झाली. मग माझे खरे काम सुरू झाले. आधी नुसती पातळ पेये, मग मी वाटलेली डाळ, मग कोंबडीचे शिजवलेले तुकडे दह्यात घालून केलेली मऊ पेज. मसाला नाही, तेल नाही. दवाखान्यात नबीला नावाची आहारतज्ज्ञ होती. तरुण सौदी बाई, पण बोलणे आईसारखे. ती सांगे ते गफूरभाई घरी येऊन बिलकिसला जसेच्या तसे सांगत. आधी डाळ, अंडे, मासे, कोंबडी, भात-भाकरी मागून. घास लहान, चावणे भरपूर. जेवताना पाणी नाही, ते मधल्या वेळात घोट घोट. गोड पेये बंद. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर.

"जन्मभर?" बिलकिसने विचारले.

"मीही हेच विचारलं. ती म्हणाली, आम्ही पोट लहान केलं, तुमच्या शरीराची भूक लहान केलेली नाही. आणि उलट्या लागल्या तर घरात बसू नका, लगेच माझ्याकडे या."

मित्रांनो, ते वर्ष माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर. गफूरभाईंचे गुडघे मोकळे झाले. साखरेची गोळी सुटली. संध्याकाळी ते सहरला घेऊन टेकडीवर चालायला जात आणि परत येताना तीच दमलेली असे. ती त्यांना हिंदीत म्हणे, "अब्बा, धीरे चलो ना!" आणि ते दारातूनच हसत येत. बिलकिस माझे भांडे घासताना माझ्या अंगावरून ओला हात फिरवी आणि म्हणे, "या मिक्सरनं माझा माणूस उभा केला." एवढी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मग सौदीकरण आले. तसे ते आधीच चालू होते. मोबाइलच्या दुकानांतली आपली माणसे केव्हाच निघून गेली होती. आता भांड्यांच्या दुकानांची पाळी आली. विक्रीला सौदी माणूसच हवा, असा नियम झाला. त्या देशाच्या मुलांनाही काम हवेच होते. गफूरभाईंच्या जागी इमाद नावाचा तरुण आला. गफूरभाईंनीच त्याला माल ओळखायला शिकवले आणि त्यानेही कधी उद्धटपणा केला नाही. पण गल्ल्यासमोरची ती जागा गेली. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता त्या मालकाने, गफूरभाईंना दुसऱ्या एका मालकाच्या गोदामात पाठवले. तिथे ओझी उचलायची होती आणि इकामा, म्हणजे त्या देशात राहण्याचा परवाना, नव्या मालकाच्या नावाने पुन्हा करावा लागणार होता. त्या पगारात कुटुंब ठेवणे शक्य नव्हते. बिलकिस आणि सहर गावी निघाल्या.

जाताना बिलकिसने मला उचलले आणि परत ठेवले. "हा तुमच्याकडेच राहू दे. डाळ तरी वाटून घ्याल."

गफूरभाई मला घेऊन कामगारांच्या एका खोलीत राहायला गेले. तिथे सांगलीकडचा नागेश नावाचा वेल्डर त्यांच्या शेजारच्या खाटेवर होता. पण ती इमारत जुनी होती. तिथल्या भिंतीत एकशे दहा व्होल्टचीच वीज होती आणि मला दुप्पट लागते. पहिल्या दिवशी गफूरभाईंनी बटण दाबले, तेव्हा मी नुसता कण्हत फिरलो. डाळ तशीच राहिली. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि मला खाटेखाली सरकवले.

खाटेखालून मला पाय दिसत आणि बोलणी ऐकू येत. त्यावरून मी सगळे समजत गेलो.

गोदामात जेवायला फार थोडी सवड मिळे. गफूरभाई घाईने भात गिळत आणि तो वर येई. मग त्यांनी भात सोडला. घशाखाली सहज उतरे ते घेऊ लागले: गोड चहा, चहात बुडवलेली खुबुस नावाची अरबी रोटी, बाटलीतला रस. डाळ-अंडे मागे पडले. गोळ्यांची बाटली संपली, ती पुन्हा आली नाही. नागेशने विचारले तेव्हा ते म्हणाले, "आता कशाला? वजन उतरलं, आजार संपला." खोलीतली माणसे कौतुक करत, "गफूरभाय, पोरासारखे दिसायला लागलात!" त्यांना ते आवडे. मला मात्र दिसत होते की त्यांच्या पायातली चप्पल चालताना सुटून मागे राहते.

बिलकिसचा फोन येई.

"जेवलात काय?"

"जेवलो ना. मासे होते."

"गोळी घेतली काय?"

"घेतली, घेतली. सहरला दे."

तेव्हा त्यांनी मासे खाल्ले नव्हते आणि गोळीही घेतली नव्हती. फोन ठेवल्यावर ते ओकायला मोरीकडे धावत.

उलट्या रोजच्या झाल्या. पायांना मुंग्या येऊ लागल्या, तळवे जळू लागले. नागेश चिडला.

"गफूरभाई, दवाखान्यात चला. तुमची ती डाएटवाली बाई हाय की."

"नवीन इकामा व्हायचाय, विम्याचं कार्ड आलं नाही. आणि नव्या मालकाला ऑपरेशनचं कळलं तर आजारी माणूस म्हणून खलास करील, घरी पाठवील. थोडं थांब."

"आन् तुम्हीच खलास झालात तर?"

 दुसऱ्या दिवशी गफूरभाई एकटेच कोपऱ्यावरच्या एका लहान दवाखान्यात गेले. पोट बिघडले आहे, एवढेच त्यांनी तिथे सांगितले. पोट कापले आहे हे सांगितले नाही. ते अशक्त दिसले म्हणून त्यांना साखरेच्या पाण्याची सलाईन लावली. वरवर पाहता त्यात काय वाईट? पण त्यांच्या अंगात मेंदूला आणि नसांना लागणारे बी-वन जीवनसत्त्व जवळजवळ संपले होते आणि उरलेसुरले त्या साखरेने खर्चून टाकले. हे सगळे आम्हाला मागून कळले.

दोन दिवसांनी ते खाटेवरून उठले आणि दारुड्यासारखे भिंतीवर आदळले. त्यांना नागेश एकाचे दोन दिसत होते.

"अवो, डोळं असं का फिरत्यात? गफूरभाई, मी कोन हाय, सांगा बरं."

 गफूरभाई मोठ्या अदबीने म्हणाले, "या, बसा. पातेलं दाखवू का?"

नागेशने त्यांना पाठीवर घेतले. विम्याचे कार्ड, मालक, कशाचीही वाट न पाहता तो त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला आणि आत शिरतानाच ओरडला, यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय. रिकाम्या खोलीत मी त्या खाटेखाली होतो. तुम्हाला कधी कुणाची वाट पाहावी लागली आहे का?

नागेश परतला तो भिंतीला टेकून खाली बसला. खोलीतल्या माणसांना त्याने सांगितले, की नबीलाबाई धावत आली होती. जीवनसत्त्वाची इंजेक्शने लगेच सुरू झाली. बाई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "उलट्या सुरू झाल्या तेव्हाच का आणलं नाही? मला नुसता फोन केला असता."  नागेशला तिचे नावही आधी माहीत नव्हते.

डोळे सुधारले. पाय काठी घेऊन चालण्याइतके सुधारले. स्मरणशक्ती मात्र परत आली नाही. गफूरभाईंना जुने सगळे आठवते. नवे काही पाण्यावरच्या रेघेइतकेसुद्धा टिकत नाही. कायमचे घरी जाण्याचे कागद झाले तेव्हा नागेशने त्यांचे सामान बांधले. शेवटी मला खाटेखालून ओढून काढले, धूळ पुसली आणि स्वतःच्या ब्लँकेटात गुंडाळले.

तेव्हापासून मी गावच्या या घरात आहे. वीज पुरेशी आहे आणि माझी पाती पुन्हा जोरात फिरतात. मी रोज डाळ वाटतो, कोंबडी वाटतो. गोळी वेळेवर दिली जाते. पाणी घोट घोट पाजले जाते. नबीलाबाईने सांगितलेले सगळे आता या घरात अगदी तंतोतंत पाळले जाते. त्याचा उपयोग नाही असे नाही. त्यामुळेच गफूरभाई जिवंत आहेत. पण जे गेले ते गेलेच.

रोज सकाळी गफूरभाई सदरा घालून ओट्यावर येतात आणि विचारतात, "दुकान उघडायची वेळ झाली ना?" सुरुवातीला बिलकिस खरे सांगे. दुकानातली नोकरी गेली, आपण गावी आलो, तुम्ही आजारी पडलात. ते ऐकून ते दर वेळी नव्याने हादरत, तोंड झाकून रडत आणि थोड्या वेळाने सगळे विसरून पुन्हा तेच विचारत. एका माणसाची तीच नोकरी दिवसातून तीनदा जाताना मी पाहिली आहे.

मग एके दिवशी बिलकिसला रडू आवरेना, तेव्हा सहर पुढे झाली. खमीसला शुक्रवारी सकाळी दुकान बंद असे, हे तिला ठाऊक होते. वडिलांचा हात धरून ती म्हणाली, "अब्बा, आज जुमा आहे. आज सुट्टी."

गफूरभाईंचा चेहरा उजळला. "हो का? मग चल, टेकडीवर जाऊ."

तेव्हापासून सहर रोज सकाळी हेच सांगते, त्यांना अंगणाच्या टोकापर्यंत नेते आणि परत आणते. बिलकिस आत मला चालू करते, म्हणजे तिचा हुंदका बाहेर ऐकू जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते बारीक झाले म्हणून नुसते कौतुक करून थांबू नका. गोळी घेतली का, ते विचारा. काय खाल्ले, ते विचारा, आणि "जेवलो" एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. उलट्या होत असतील तर वाट पाहू देऊ नका, लगेच दवाखान्यात न्या. नोकरी जाईल या भीतीने ते गप्प असतील, तर त्यांच्या वतीने तुम्ही बोला. एवढे केलेत तर एखाद्या घरात शुक्रवारनंतर शनिवार उगवेल. आमच्या घरात तो आता उगवत नाही.