सत्तावीस अंशांचा चमत्कार

एरवी शंभर मीटरच्या पाटीपाशी मान टाकणारा आप्पांचा चेंडू त्या सकाळी एकशे पंधरावर जाऊन पडला आणि गोल्फच्या सराव मैदानावर जमलेल्या चाळीस माणसांच्या तोंडून एकदम 'अबब' निघालं. त्या चाळिसांत दोन डॉक्टर होते, एक निवृत्त न्यायाधीश होते आणि सिमेंटचा एक घाऊक व्यापारी होता. घरी ही मंडळी कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेतात.

"आणि हात बघा, हात!" गोल्फच्या काठ्या विकायला आलेले काठीगुरू ओरडले.

सगळ्यांनी आप्पांचा हात बघितला. दोन वर्षं कंपवातानं थरथरणारा तो उजवा हात काठीवर शांत बसला होता.

गोल्फमध्ये हातमोजा एकाच हातात घालतात. काठीगुरूंनी दोन्हींत घातले होते, आणि तेवढ्यानंच निम्मे लोक भारावले होते. उरलेल्यांना त्यांनी बोलून गार केलं.

"काठी आपण निवडत नसतो, बरं का! काठी आपल्याला निवडते. या लोखंडात स्पंदनं आहेत. चाळीस सेकंद छातीशी धरा. शरीरातली कंपनं ती शोषून घेते आणि चेंडूला देते. म्हणून हात स्थिर आणि चेंडू लांब!"

"म्हणजे आजार चेंडूला होतो," मागून कुणीतरी म्हणालं.

ती वहिनी होती. आप्पांची सून, पण क्लबातले सगळेच तिला वहिनी म्हणत. मैदानामागच्या खोलीत ती काठ्या दुरुस्त करायची: मुठी बदलणं, मोडका दांडा काढून नवा बसवणं, निखळलेलं पातं चिकटवणं. आज ती कामाचा ॲप्रन न काढताच आली होती. एका काखेत आप्पांची जुनी पाच नंबरची काठी, दुसऱ्या काखेत छत्री, आणि हातात पात्याचा कोन मोजायचा लोखंडी साचा.

वहिनीच्या डोक्यात जाळ होता. अकरा दिवसांपूर्वी काठीगुरूंनी आप्पांना ही सात नंबरची काठी दिली आणि वर सांगितलं, "स्पंदनं आणि गोळ्या एका शरीरात नांदत नाहीत." आप्पांनी गोळ्या बंद केल्या. परवा सकाळी ते न्हाणीघरात ताठ होऊन पडले. कपाळावर अजून पट्टी होती. तरी ऐकायला तयार नव्हते.

"अगं, अंतर मी स्वतः मोजलंय, टेप लावून. जुन्या सातनं शंभर, हिनं एकशे पंधरा. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या मी. मला कोण फसवणार?"

तिथंच तर घोडं अडलं होतं. अंतर सगळ्यांनी मोजलं होतं. काठी कुणीच मोजली नव्हती. या खेळातल्या माणसांची ही जुनी खोड. "मी सातनं इतका मारतो," असं छाती फुगवून सांगायचं, आणि सात म्हणजे काय ते पातं उलटं करून बघायचं. तिथं सात कोरलंय ना? झालं. आज सकाळी वहिनीनं ती काठी साच्यात अडकवली, काटा बघितला, आणि चहा अर्धा टाकून निघाली.

"आप्पा, आता ही तुमची जुनी पाच नंबरची घ्या. पाच चेंडू मारा."

"ताई, श्रद्धा नसेल तिथं धातू बोलत नाही," काठीगुरू मध्ये पडले.

"धातूला कशाला त्रास? आप्पा मारतील."

आप्पांनी मारले. दोन फसले. तीन जाऊन पडले एकशे पंधराच्या आसपास.

"आता मोजा." वहिनीनं साचा आप्पांपुढे धरला. "मी नाही, तुम्ही. कोन मोजण्यात तुमचा हात कोण धरणार?"

"यंत्रानं स्पंदनं मोजता येत नाहीत!" काठीगुरूंचा आवाज चढला.

"मग मोजायला हरकत काय?" न्यायाधीश म्हणाले. अकरा दिवसांतला त्यांचा हा पहिला शहाणा प्रश्न.

आप्पांनी चष्मा सारखा केला. आधी आपल्या पिशवीतली जुनी सात नंबरची: चौतीस अंश. मग जुनी पाच नंबरची: सत्तावीस. मग स्पंदनवाली. आप्पांनी ती काढली, पुसली, पुन्हा लावली.

"सत्तावीस," ते म्हणाले. मग दोन्ही दांडे शेजारी धरले. "लांबीसुद्धा पाचचीच. ही पाच नंबरची काठी आहे. हिच्यावर सात कोरलंय."

"आकडा लहान तसं पातं उभं, आणि पातं जितकं उभं, तितका चेंडू खालून आणि लांब," वहिनी गर्दीकडे वळली. "पातं मागे झुकलेलं, तर चेंडू उंच जातो, जवळ पडतो आणि पडल्या जागी थांबतो. कुठला आकडा कोरायचा ते कोरणारा ठरवतो. उद्या मी वरवंट्यावर सात कोरीन, तुम्ही तोही छातीशी धराल!"

"पण हात? हाताचं काय?" व्यापाऱ्याला चमत्कार सोडवेना.

वहिनीनं आप्पांच्या हातात छत्री दिली. "घट्ट धरा." हात थांबला. "आता खुर्चीत बसा. हात मांडीवर सैल सोडा." हात थरथरायला लागला. आप्पा त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत राहिले.

"यांचा हात कामाला लागला की थरथर दबते, रिकामा झाला की परत येते. आप्पांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि इथले दोन डॉक्टर अकरा दिवस टाळ्या वाजवत होते."

"मला शंका होतीच," त्यांतले एक पुटपुटले.

"शंका होती, तर तोंड कुठे होतं? पडले ना आप्पा!"

काठीगुरू पिशवी आवरायला लागले होते. न्यायाधीशांनी त्यांची पिशवी धरून ठेवली.

काठी जरूर घ्यावी, नवी घ्यावी. पण आपली उंची मोजावी, दांडा मोजावा, मूठ हातात बसते का बघावं, कोन विचारावा. विकणारा कोनाऐवजी स्पंदनं सांगायला लागला तर उठून यावं. आणि जो माणूस तुमच्या आजाऱ्याच्या हातातली गोळी काढून घेतो, त्याच्यासमोर गप्प बसणं याला सभ्यपणा म्हणू नये.

आप्पा खुर्चीतून उठले. सुनेचा हात धरला.

"डॉक्टरांकडे चल. आत्ता. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारू." दोन पावलं गेल्यावर ते थांबले. "आणि तो साचा इथंच ठेव. या सगळ्यांना आपापल्या काठ्या मोजू देत."