गळका नळ

“हसला कुठे तो?” बाईंनी हेडफोन काढले. “दुसऱ्या गाण्याआधी माझा भाऊ हसतो. ते कुठे गेलं?”

कानसेनने पटकन स्क्रीनकडे पाहिलं. गळा नाही पण कान तिखट, म्हणून दुकानातल्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. जुन्या टेपांवरची खरखर काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कॅसेट देताना बाई म्हणाल्या होत्या, “एवढी साफ करून द्या.” टेपला बुरशी धरली होती, ती पुसा, इतकंच त्यांना म्हणायचं होतं. पण या दुकानात साफ करणं म्हणजे आवाज साफ करणं. दुसरा अर्थ त्याच्या डोक्यातही आला नाही.

कॅसेटवरच्या बँडचं नाव ‘गळका नळ’. त्यांनी काढलेली एकुलती एक कॅसेट पोरं अजून शोधत फिरतात. ही त्याआधीची, घरातल्या तालमीची. कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावली तेव्हा कानसेनने कपाळाला हात लावला होता. गिटार बेसूर, ढोल म्हणून बादली, आणि गाणारी शब्द विसरली की खुशाल ला-ला करून वेळ मारून नेते! तिसऱ्या गाण्याला मात्र त्याचा पाय ताल धरू लागला. इतकं आनंदी काही त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हणूनच त्याने जीव ओतून काम केलं. खुर्चीची करकर काढली, बादली कोसळल्याचा आवाज काढला, आणि मध्येच कुणीतरी फिदीफिदी हसत होतं, तेही काढलं.

“मूळची टेप असेल ना?”

“वाजता वाजताच तिच्यावरचा चुंबकी थर सुटत गेला, ताई. एकदाच वाजली.”

“आणि कॉम्प्युटरवर?”

“त्याच्यावरच काम केलं. पहिली प्रत वेगळी ठेवली नाही.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी हेडफोन काउंटरवर ठेवले. मग म्हणाल्या, “तो गेल्यापासून ऐकायचा धीरच होत नव्हता. म्हणजे शेवटचं तुम्हीच ऐकलंत. सांगा ना, कसा हसला?”

चार लोकांत गुणगुणायलाही कानसेन लाजायचा, आणि काउंटरशी गिऱ्हाइकं उभी होती. पण ते हसणं त्याला पाठ होतं. आधी नाकातून फुर्रकन, मग दाबून धरलेलं, मग फुटलेलं. त्याने घसा खाकरला आणि तो हसला.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मान हलवली.

“नाही. असा नाही.”

त्याची मान खाली गेली.

“फुटायच्या आधी श्वास घ्यायचा जरा,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या. “परत करा बरं.”