सहाशेएक ते सहाशेपन्नास

मित्रांनो, मी एक जुना प्रश्नसंच आहे. माझ्या पोटात सामान्य ज्ञानाचे बाराशे प्रश्न आहेत आणि शेवटच्या सहा पानांवर त्यांची उत्तरे आहेत. ग्रह, हाडे, नद्या, धातू, वीज, सगळे थोडे थोडे मला ठाऊक आहे. तरी खरे सांगतो, माझे आयुष्य ज्ञानापेक्षा धास्तीतच जास्त गेले.

ती धास्ती मला छापखान्यातच लागली. भरतीची जाहिरात निघाली होती आणि मला बाजारात आणायची घाई होती. मुद्रिते तपासणारे एक वयस्कर गृहस्थ होते. चष्मा कपाळावर सारून ते मालकांना म्हणाले, "प्रश्न वाचून झालेत. उत्तरतालिका तेवढी ताडून बघायची राहिलीय. एक दिवस द्या."

मालक म्हणाले, "गाडी दारात उभी आहे. उत्तरं काय, नुसती अबकड तर आहेत. त्यात काय चुकणार?"

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि टोपण लावून पेन खिशात ठेवले. मी गाडीत चढलो. माझ्या अंगात कुठेतरी काहीतरी चुकले असावे, एवढेच मला कळले. काय आणि कुठे, ते कळले नाही. दुखते आहे पण कुठे ते सांगता येत नाही, अशा माणसासारखी माझी गत झाली.

दुकानाच्या फळीवर मी फार दिवस राहिलो नाही. एका बाईने मला उचलले, उभ्याउभ्याच दहा-बारा प्रश्न सोडवले आणि छातीशी धरून घरी नेले. ती मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायची. नोकरी कंत्राटाची. दर अकरा महिन्यांनी कागद संपायचा, आणि नवा कागद हातात पडेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिला कायमची लिपिकाची जागा हवी होती. दोन परीक्षा थोडक्यात हुकल्या होत्या. ही तिसरी, आणि शेवटची, कारण यानंतरच्या भरतीला तिचे वय बसणार नव्हते.

तिचे वडील न्हावी होते. दवाखान्यासमोरच त्यांचे दोन खुर्च्यांचे दुकान होते आणि सारी गिऱ्हाइके त्यांना मामा म्हणत. ती दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन दुकानात यायची. मामांची शाळा चौथीत सुटलेली. अक्षरांखाली बोट सरकवत ते माझे प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि ती जेवता जेवता उत्तरे द्यायची. मग ते माझी शेवटची पाने उघडून तालिका पाहायचे आणि म्हणायचे, "शाब्बास पोरी!"

तो 'शाब्बास' ऐकून मला बरे वाटायला हवे होते. पण त्यांनी माझी शेवटची पाने उघडली की मला एकच सुचायचे. हीच ती चूक नसेल ना? की पुढची असेल?

दीड वर्ष असे गेले. आरशाखालच्या फळीवर, वस्तरा आणि तुरटीच्या शेजारी माझी जागा ठरून गेली. माझ्या पानांना साबणाचा वास लागला. खुर्चीतली माणसेही उत्तरे द्यायची आणि चुकली तर लक्ष हजामतीत होते म्हणायची.

परीक्षेला सव्वीस दिवस उरले होते. त्या दुपारी खुर्चीत दवाखान्यातले एक्स-रे काढणारे गृहस्थ बसले होते. हाडांचे फोटो काढतात म्हणून सारे त्यांना फोटोवाले म्हणत. मामांनी त्यांच्या गालांना फेस लावून एका बाजूची दाढी केली आणि एका हाताने मला उघडले.

"प्रश्न सहाशेआठ. माणसाच्या शरीरातलं सगळ्यांत लहान हाड कुठे असतं? अ, बोटात. ब, नाकात. क, पाठीच्या कण्यात. ड, कानात."

"ब. नाकात," ती लगेच म्हणाली.

मामांनी पान उलटले, सहाशेआठवर बोट ठेवले. "ब! शाब्बास!"

फोटोवाले फेसासकट उठून बसले. "अहो मामा, कसलं शाब्बास? कानात असतं ते. तांदळाच्या दाण्याएवढं."

"पुस्तकात नाक आहे."

"पुस्तकात असेल. माणसात कान आहे. वीस वर्षं हाडंच बघतोय मी."

"दीड वर्ष पोरगी हे पाठ करतेय," मामांचा आवाज चढला. "शिकलेल्या माणसांनी लिहिलंय ते. तुम्ही आला दाढी करायला आणि त्याला नावं ठेवता?"

फोटोवाल्यांनी टॉवेलने उरलेला फेस पुसला आणि अर्ध्या दाढीनेच निघून गेले. मामा माझ्याकडे बघत राहिले. हाड नाकात असो की कानात, माझ्या मात्र नाकी नऊ आले.

तिने डब्याचे झाकण लावले. हळूच म्हणाली, "बाबा, शाळेत मला कानच शिकवलं होतं. पहिल्यांदा सोडवलं तेव्हा मी ड-च लिहिलं होतं. मागे ब दिसलं म्हणून खोडलं."

तिने मला हातात घेऊन पाने चाळली.

"अशी मी किती खोडली असतील?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या बाराशेंत नव्हता. त्या परीक्षेत चार उत्तरे चुकली की कमावलेला एक गुण कापला जायचा. आधीच्या दोन्ही वेळा ती एक-दोन गुणांनीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि मला हात न लावता जेवली. तिने घरी सरावाची एक परीक्षा दिली होती. येत असलेली उत्तरेही तिने बदलून टाकली होती आणि नेहमीपेक्षा अठरा गुण कमी पडले होते.

मामांनी विचारले, "असं कसं झालं गं?"

"कशावर विश्वास ठेवू तेच कळत नाही, बाबा. आता कुणी चार पर्याय देऊन माझं नाव विचारलं तरी मी चुकीचं सांगेन."

ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिले. मामांनी त्या दुपारी एका गिऱ्हाइकाचा कान कापला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तुरटी लावून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

मला वाटले, आता आपण रद्दीत जाणार. खरे सांगतो, मला तेच हवे होते. कुणाचे नुकसान करत फळीवर बसण्यापेक्षा पुड्या बांधायला गेलेले काय वाईट?

पण संध्याकाळी मामा फोटोवाल्यांच्या घरी गेले, मला काखेत मारून. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "परवा चुकलं माझं. अर्धी दाढी राहिलीय तुमची. आणि एक काम आहे. हाडांचे जेवढे प्रश्न असतील तेवढे तपासून द्या."

फोटोवाल्यांनी त्यांना आत घेतले. त्यांनी हाडांचे अकरा प्रश्न तपासले. नऊ बरोबर निघाले, दोन चुकीचे. मामांनी कानामागची लाल पेन्सिल काढली आणि त्या दोन उत्तरांना गोल केला. ती पेन्सिल पहिल्यांदा माझ्या अंगाला लागली तेव्हा मला लाज वाटली आणि थोडे हायसेही वाटले. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझे दुखणे शोधायला निघाले होते.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाची तऱ्हाच बदलली. खुर्चीत जो बसेल त्याला मामा आधी विचारायचे, "तुमचा धंदा कुठला?" आणि त्याच्या धंद्याचे पान उघडायचे. बियाणे विकणाऱ्याला झाडांचे प्रश्न. सोनाराला धातूंचे. ट्रकवाल्याला घाटांचे आणि नद्यांचे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी तर दाढी वाढलेली नसतानाही तीन दिवस रोज येऊन बसले. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर रस्त्याने चालल्या होत्या. मामा हातात वस्तरा घेऊन त्यांच्या मागे धावले.

"सिस्टर, एक मिनिट! कुठल्याही रुग्णाला ज्याचं रक्त चालतं, तो दाता कोणत्या गटाचा?"

वस्तरा बघून सिस्टर आधी दचकल्या. मग म्हणाल्या, "ओ."

"पुस्तकात एबी आहे."

सिस्टरांनी मला हातात घेतले, पाहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मामा, परीक्षेत हे चुकलं तर गुण जाईल. आमच्याकडे चुकलं तर माणूस जाईल. हे खोडा आधी."

ते ऐकून माझी पाने गार पडली. लाल गोल वाढत चालले. सात, नऊ, बारा. दिवस कमी होत चालले. वीस, सतरा, चौदा. गोल कुठे थांबणार हे कुणालाच सांगता येईना. ती दुपारी यायची, वाढलेले गोल मोजायची आणि डबा अर्धा टाकून उठायची. मामांना वाटत होते आपण तिला मदत करतो आहोत, पण प्रत्येक गोलागणिक तिचा उरलासुरला धीर खचत होता. मला हे दिसत होते. पण पुस्तकाला अक्षरे असली तरी जीभ नसते.

परीक्षेला अकरा दिवस असताना वायरमन केस कापायला आला. हा माणूस मोजकेच बोलायचा. मामांनी विजेचे पान उघडले.

"सहाशेबारा. विद्युतप्रवाह कशात मोजतात?"

"अँपिअर. क."

"इथे ब दिलंय." लाल गोल. "सहाशेतेरा. दिव्यातली तार कोणत्या धातूची?"

"टंगस्टन. ब."

"इथे ड आहे." पुन्हा लाल गोल. "सहाशेचौदा. रोध कशात मोजतात?"

"ओहम. ड." वायरमनने कापडाखालून हात बाहेर काढला. "मामा, थांबा. द्या इकडे ते."

अर्धे डोके कापलेले, अर्धे तसेच. तो माझ्या उत्तरतालिकेच्या पानावर वाकला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर त्याने बोट फिरवले. ती घास हातात धरून बघत होती.

"सगळे लाल गोल एकाच रांगेत आहेत," तो म्हणाला. "सहाशेएकपासून सहाशेपन्नासपर्यंत. बाहेर एकही नाही. आणि ही उत्तरं चुकीची नाहीयेत मामा, सरकलीत. सहाशेबाराला तेराचं उत्तर लागलंय, तेराला चौदाचं. सहाशेएकचं उत्तर छापायचं राहिलं, त्यामुळे अख्खी रांग एक घर वर चढली. तळाला जागा उरली म्हणून शेवटचं अक्षर दोनदा टाकलंय. एक तार काढली की पुढचे सगळे दिवे भलत्याच बटणावर लागतात ना, तसं."

तिने खरकट्या हातानेच मला ओढून घेतले. माझ्या कोपऱ्यावर अजून तो तेलाचा डाग आहे. ती एकेक प्रश्न बघत गेली आणि उत्तर एक घर खाली सरकवत गेली. पन्नासांपैकी तेरा उत्तरे सरकूनही योगायोगाने बरोबर होती. सदतीस चुकली होती.

"सदतीस," ती म्हणाली. "बाबा, फक्त सदतीस! बाकी अकराशे पन्नास नीट आहेत?"

"बाकीच्यांत आजवर तीनशेच्या वर तपासलीत," मामा म्हणाले. "एकही चुकीचं निघालं नाही."

ती बाकावर बसली आणि रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मला भीती चुकांची नव्हती हो. कुठे आहेत ते माहीत नव्हतं, त्याची होती."

मित्रांनो, छापखान्यापासून मला जे वाटत होते ते या बाईने एका वाक्यात सांगितले. वायरमनने आरशात पाहिले आणि विचारले, "आता उरलेले केस कापणार का?"

पुढचे दहा दिवस बापलेकींनी ती एकच रांग घोकली. मग परीक्षा झाली. त्या दिवशी मामांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा पावडर लावली. ती परतली तेव्हा मामांनी दिलेले पाणी प्यायली. नंतर एवढेच म्हणाली, "सहा प्रश्न सोडून दिले. येत नव्हते. अंदाजाने गोल केले नाहीत."

निकालाला नऊ आठवडे लागले. या दिवसांत मला कुणी उघडले नाही. माझ्यावर केसांचे बारीक कण साचले, आणि फोन वाजला की मामांच्या हातातली कातर थांबायची. एके सकाळी यादी लागली आणि तिचे कागद घेऊन ती दुकानात आली. मामा बोट ठेवून वाचू लागले. ती शेजारी डोळे मिटून उभी होती. पहिला कागद संपला. दुसराही जवळजवळ संपला. तळापासून चौथ्या ओळीवर बोट थांबले. तो तिचा परीक्षा क्रमांक होता; मामांनी बोट तिथून उचललेच नाही. शेवटी दाढीला आलेल्या फोटोवाल्यांनीच तो मोठ्याने वाचला.

ती आता दुसऱ्या गावी लिपिक आहे. रविवारी फोन करते. मामांच्या दुपारी सुन्या झाल्या, पण मला त्यांनी रद्दीत दिले नाही. सुटलेली पाने दाभणाने शिवली आणि फळीवर परत ठेवले. परवा भाजीवाल्या बाईंची सून मला मागायला आली. तिचीही परीक्षा आहे.

तेव्हापासून मी पुन्हा धास्तावलो आहे. माझी ती रांग दुरुस्त झाली, हे खरे. पण जग काही माझ्या बाराशे प्रश्नांपाशी थांबलेले नाही. माणसे पदांवरून उतरली, नवी चढली, विक्रम मोडले. माझी बरोबर उत्तरेही बसल्या जागी शिळी होत चालली आहेत, आणि त्यांना लाल गोल नाही.

म्हणून एक विनंती आहे, मित्रांनो. पुस्तक चुकले तर ते फाडू नका, चूक शोधा आणि शेजारी बरोबर लिहा, म्हणजे पुढच्याचे दीड वर्ष वाचेल. जे आधीपासून नीट येते ते छापील अक्षराला भिऊन खोडण्याआधी कुणा जाणत्याला विचारा. आणि माझ्यासारखा म्हातारा प्रश्नसंच हाती आला तर त्याचे वय विचारायला लाजू नका. माझ्या दुसऱ्याच पानावर साल छापलेले आहे. ते उत्तर मात्र अगदी बरोबर आहे.