कोण कोणाच्या मागे आलं?

दहावीत गेल्यापासून हर्षलाला एक मोठा शोध लागला होता. विचारलं की लोक सांगतात. नुसतं सांगत नाहीत, भडाभडा सांगतात! कंडक्टर सांगतो, शाळेतल्या बाई सांगतात, मेडिकलवाला तर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून सांगतो. इतकी वर्षं आपण उगीच तोंड शिवून बसलो, असं तिला वाटायचं. त्यामुळे त्या शुक्रवारी शाळेतून आल्यावर सुनिता आत्या ओटीवर एक छापील कागद पुढ्यात घेऊन, पेनाचं टोपण चावत बसलेली दिसली, तेव्हा दप्तर खांद्यावरून उतरायच्या आधीच हर्षलाचा प्रश्न बाहेर पडला.

"काय गं ते, आत्या?"

"काय नाय. सही करायची हाय."

"कशावर?"

"कॅनडा सोडल्याच्या कागदावर."

"तो तर तू केव्हाच सोडलास! साडेतीन वर्षं झाली."

"तो पायांनी सोडला गं," आत्या म्हणाली. "आता कागदावर सोडायचा हाय."

मग काय, हर्षला तिथेच बसली मांडी ठोकून.

आत्या आणि साईनाथ काका अकरा वर्षं कॅनडात होते. काका अठरा चाकांचा ट्रक चालवायचे, आत्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती, पुढे तिथली मुख्य झाली. काकांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं. आत्याने घेतलं नाही, कारण परदेशी पासपोर्ट घेतला तर इथल्या, दहिवलीच्या सातबाऱ्यावरून नाव उडतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ते खरं की खोटं, हे आजवर कोणी तपासलंच नव्हतं. म्हणून आत्याकडे भारताचा पासपोर्ट आणि कॅनडात कायम राहण्याचा हक्क, असं दोन्ही होतं. आता मात्र तो हक्क डुगडुगत होता. पाच वर्षांत मिळून सातशे तीस दिवस तिकडे काढलेले असले पाहिजेत, असा नियम. आत्या तर २०२३च्या फेब्रुवारीपासून इथे, आईचं करायला आलेली. हर्षलाची आजी, सोनुबाई, संक्रांतीला अंगणात पडून खुब्यात मोडली, तेव्हा दोघं आले. आजी गेली त्यालाही दोन वर्षं होत आली.

आणि आता आत्याची मुलगी प्रिया, तिकडेच असलेली, नोव्हेंबरात बाळंत होणार होती. डॉक्टरांनी तिला उठू नको म्हणून सांगितलं होतं. पनवेलच्या एजंटाने सोपा मार्ग काढला होता: कायमचा हक्क लिहून सोडा, मग पाहुणी म्हणून व्हिसा मागा. सोमवारी अकरापर्यंत कागद हवा होता.

"मग तुझी अकरा वर्षं?" हर्षलाने विचारलं.

आत्याच्या दातांखाली टोपण कचकन वाजलं.

हर्षलाने मोबाईल काढला. सेमी इंग्रजीत शिकल्याचा काहीतरी उपयोग व्हायलाच हवा होता. आधी तिने दिवस मोजले. आजपासून मागची पाच वर्षं धरली तर आत्याचे तिकडचे दिवस भरत होते पाचशे चौऱ्याहत्तर. एकशे छप्पन्न कमी. आणि गंमत म्हणजे उद्या मोजले तर पाचशे त्र्याहत्तरच भरणार, कारण पाच वर्षांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते आणि मागचा एक दिवस गळून पडतो! हे कळल्यावर हर्षलाला भीतीही वाटली आणि कधी एकदा मैत्रिणींना सांगते असंही झालं. मग तिने कॅनडा सरकारच्या साइटवरचं पान खालपर्यंत वाचलं. खालून तिसरी ओळ वाचून ती ओरडलीच.

"आत्या! नागरिक नवऱ्याबरोबर परदेशात राहिलेले दिवस धरतात! काका नागरिक हायेत! म्हणजे इथले सगळेच्या सगळे दिवस तुझेच!"

लगेच एजंटाला फोन लावला, स्पीकरवर.

"बाळा, तो नियम मलाही माहितीये," एजंट दमलेल्या आवाजात म्हणाला. "पण तिथला साहेब कधी कधी विचारतो, कोण कोणाबरोबर गेलं? नवऱ्याला यायचं होतं म्हणून बायको आली, तर काम सरळ. इथे बायको आईसाठी आली आणि नवरा तिच्या मागे आला. साहेब अडून बसला तर अपील, त्यात वर्ष जाणार. बाळंतपण थांबणार आहे का?"

फोन ठेवेपर्यंत शेजारची अंबूबाई टाकळ्याची भाजी निवडता निवडता ओटीजवळ सरकलीच होती.

"कोण कोणाच्या मागे आलं, ह्ये इचारायला सायेब कशाला पायजे? अख्ख्या दहिवलीला म्हायती हाय. जावईबापू आले बायकोच्या पदराला धरून. घरजावई!"

अंगणात साईनाथ काका कोणाच्या तरी फार्महाऊसचा पाण्याचा पंप खोलून बसले होते. ते हसले. "आलो तर आलो, अंबूबाय. सासूच्या हातची भाकरी कोन सोडील?"

ते नेहमीच हसायचे. हर्षलाला आज पहिल्यांदाच प्रश्न पडला, की कुंभिवलीसारखं स्वतःचं गाव असलेला माणूस घरजावई म्हटल्यावर इतका निवांत कसा हसतो?

आत्या मात्र हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आईपायी चांगली नोकरी सोडली त्यांनी. लोकांचं ऐकून घेतात. आता माझ्या हक्कासाठी त्यांना आणि कुठल्या सायबाच्या पुढ्यात उभं करू? नको. सही करते झालं."

तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं म्हणून सही राहिली, एवढंच.

शनिवारी शाळा अर्धीच. हर्षलाने वहीचं पान आडवं धरून तारखांचा तक्ता आखला. आत्याने निळी फाईल तिच्यासमोर टाकली, "बघ काय ते, तुझी खाज भागव." पासपोर्टचे शिक्के, विमानाची तिकिटं, सगळं ओळीने बसत गेलं. आजी पडली ती १५ जानेवारी. तिकीट काढलं १९ जानेवारी. इथे पोचले १० फेब्रुवारी. मग काकांच्या ट्रक कंपनीचं पत्र हाती आलं. कामाचा शेवटचा दिवस: ९ डिसेंबर.

हर्षलाने पत्र पुन्हा वाचलं. ९ डिसेंबर २०२२. आजी पडायच्या सव्वा महिना आधी!

ती धावत बाहेर आली. काका पंपाचा एक सुटा भाग पिशवीत घालून निघाले होते, कुंभिवलीला त्यांच्या चुलतभावाकडे, गजाकडे. दारात बाबांचा टेंपो उभा होता, चावी खुंटीला होती, आणि हा अठरा चाकं फिरवलेला माणूस रिक्षाच्या थांब्याकडे पायी चालला होता. गुडघे दुखतात म्हणे. गुडघे दुखणारा माणूस चालत का जातो?

"काका, मी पण येते!"

दोन रिक्षा बदलून ते पोचले. कुंभिवलीला हायवेच्या कडेला गजाचं टायर-पंक्चरचं दुकान. समोरून कंटेनर गेला की खुर्चीसकट आपण हलतो. गजाने चहा मागवला, पंपाचा भाग उलटसुलट करून बघितला, आणि हर्षलाने मुद्दाम सहज विचारल्यासारखं विचारलं, "गजाकाका, आमचे काका कॅनडातनं येणार हे तुमाला कधी कळलं?"

"मला? मला तर सगळ्यांच्या आधी!" गजा खुशीत म्हणाला. "डिसेंबरातच मेसेज केलेला ना यानं, खोली बघ म्हनून. मी बघून ठेवली, पानी-बिनी बघितलं, आनि हा गेला दहिवलीला सासरवाडीत! अजून हाय माज्याकडे मेसेज, थांब." आणि त्याने मोबाईल चाळायला सुरुवात केली.

काका चहाचा ग्लास तसाच ठेवून उठले आणि दुकानाच्या मागे जाऊन उभे राहिले. हर्षला गेली त्यांच्या मागे. आपण काहीतरी मोडलं की काय, असं तिला वाटलं, पण प्रश्न काही गिळता आला नाही.

"काका, का आलात?"

ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तिकडं थंडीत रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरतो. दिसत पन नाय. माझा ट्रक घसरला. रस्त्यावर आडवा झाला गं, पुरा आडवा. समोरनं एक छोटी गाडी आली आनि माझ्यापासून हातभर लांब थांबली. आत एक बाई, मागं दोन पोरं. माझ्याकडं बघत होती, वर मान करून."

"मग काय झालं?"

"काय नाय झालं. ओरखडा पन नाय. तेच तर! काय झालं असतं तर सांगता तरी आलं असतं. त्यानंतर स्टेरिंग धरलं की हाताला घाम. सोडली नोकरी. तुझ्या आत्याला सांगायची लाज वाटली. रोज डबा घेऊन निघायचो आनि लायब्ररीत जाऊन बसायचो. संक्रांतीला सासूबाय पडल्याचा फोन आला. तुझी आत्या रडत होती, आनि मला सुटल्यासारखं वाटलं. असला मी मानूस. लोक घरजावई म्हनतात ते बरं वाटतं. निदान बायकोसाठी आला म्हनतात. आत्याला सांगू नको हां."

हर्षलाला एकाच वेळी रडू आलं आणि लायब्ररीत नेमकं काय वाचायचे हे विचारावंसं वाटलं. दोन्ही आवरून ती म्हणाली, "मी नाय सांगणार. पण काका, सोमवारी ती सही करणार, आणि ती फक्त तुमच्यापायी करतेय. तुमी नोकरी सोडलीत म्हणून."



रविवारी सकाळी आत्या मागच्या पडवीत बोंबील साफ करत होती. काका आले, पाट ओढून तिच्यासमोर बसले, आणि सगळं सांगितलं. हर्षला दाराआडून ऐकत होती. ऐकू नये हे तिला कळत होतं, तरी पाय हलेना.

आत्याची विळी मध्येच थांबली. मग आवाज आला तो असा:

"म्हणजे मी साडेतीन वर्षं तुमचे उपकार मानतेय!"

"हां."

"देवापुढं हात जोडून मानतेय! आणि तो महिनाभर मी पहाटे साडेचारला उठून डबा करत होते! तो तुमी लायब्ररीत बसून खाल्लात?"

"आत खायला बंदी होती गं. बाहेर बाकड्यावर."

"एवढ्या बर्फात?"

"डबा गरम असायचा," काका बारीक आवाजात म्हणाले.

आत्या हसली की रडली हे दाराआडून नीट कळलं नाही. मग म्हणाली, "मला सांगायचं होतंत. मी काय खाल्लं असतं का तुमाला? आईचा फोन आला नसता, तरी आले असते मी तुमच्याबरोबर." आणि लगेच, "हर्षले, दाराआड उभी हायेस ती ये बाहेर. यायचं आधी काकांनी ठरवलं होतं, असं सायबाला पत्र कसं लिहायचं ते सांग."

पत्र काकांनी सांगितलं आणि हर्षलाने इंग्रजीत उतरवलं. काचेसारख्या बर्फाला नेमका शब्द शोधायला तिला अर्धा तास लागला. काका लायब्ररीचं वाक्य गाळू बघत होते, पण आत्याने ठामपणे सांगितलं, "डब्याचं पण घाल. सायबाला कळू दे मी काय काय केलंय ते." सोबत कंपनीचं पत्र आणि गजाच्या मोबाईलवरचा तो डिसेंबरचा मेसेज, तारखेसकट. लग्नापासून दोघं एकाच छपराखाली राहत असल्याचे कागद, इकडचे आणि तिकडचे. शेवटी काकांनी सही केली. सही करताना त्यांचे कान लाल झाले होते.

सोमवारी अकराला एजंटाकडे कागद गेला तो सहीविना, कोराच. "बघा हां," तो म्हणाला, "नाही म्हणाले तर माझ्याकडे रडत येऊ नका." आत्या म्हणाली, "रडायचं काल झालं." आणि कायम रहिवासी म्हणूनच परत जाण्याच्या परवान्याचा अर्ज त्याच दिवशी गेला.

मग वाट. जुलै गेला, ऑगस्ट गेला. मध्ये एकदा साहेबाने आणखी दोन कागद मागवले, तेव्हा आत्या दोन दिवस जेवली नाही. प्रिया रोज फोन करायची आणि रोज तेच विचारायची. हर्षलाने तक्ता भिंतीवर लावला होता, पण त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनी हळूहळू टाळलं.

गौरी-गणपती पोचवून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कुरियरवाला आला. पाकिटात आत्याचा पासपोर्ट. आत्याने तो उघडला नाही, हर्षलाच्या हातात दिला. हर्षलाने पानं उलटली. मधल्या एका पानावर नवा, चकचकीत, चिकटवलेला परवाना होता.

"आत्या," ती म्हणाली, "दिलाय."

आधी प्रियाला फोन झाला, मग बाबांना, मग भिंतीपलीकडे कान देऊन बसलेल्या अंबूबाईला ओरडून सांगणं झालं. काका उभेच होते, पंपाचं ग्रीस हाताला तसंच.

"मी पन येऊ का?" त्यांनी विचारलं.

आत्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. "या, वाटलं तर. पण माझ्यासाठी म्हणून नको. तुमाला यावंसं वाटलं तर या. नायतर इथं तुमचं बरं चाललंय."

काका विचार करायला लागले. खरंच विचार करत होते, हे त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलंच नाही, आणि आत्यानेही पुन्हा विचारलं नाही.

"आणि तू परत कधी येणार?" हर्षलाने विचारलं.

आत्याने पासपोर्ट तिच्या हातातून घेतला, ते पान पुन्हा उघडलं, बोटाने परवान्याची कड चाचपली.

"मला पण ठाऊक नाय गं. पाहुणी म्हणून गेले असते तर परतायची तारीख सायबाने ठरवली असती," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की हर्षलाला पुढचा प्रश्न सुचलाच नाही.