पलीकडे कुणीतरी आहे

मी गाड्यांच्या शोरूममधला फोन बोलतोय. सगळ्यांचा म्हणून आणलेला, त्यामुळे कुणाचाच नसलेला. इंटरनेटवर गाड्या बघून लोक चौकशी करतात, ती माझ्यावर येते. मी टेबलावर थरथरत राहायचो आणि विक्रीची मंडळी दारातून आलेल्या गिऱ्हाइकाकडे धावायची.

सगळ्यांत जुने काका तर मला पालथाच घालत. समोर बसलेला माणूस त्यांनी कधी रिकाम्या हाताने परत जाऊ दिला नव्हता. न दिसणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, तेच त्यांना उमगत नसे.

चौकशा वाया जाऊ लागल्या, तेव्हा मालकांनी शिकवायला एक बाई बोलावल्या. ज्याला जमणार नाही त्याला विक्रीतून काढीन, असंही बजावलं. काकांचा चेहरा उतरला.

शिकवणीच्या शेवटी बाईंनी मला काकांच्या हाती दिलं. सगळे भोवती, मालक काचेपलीकडे. तेवढ्यात एका मुलीची खरीच चौकशी आली : ‘या गाडीत व्हीलचेअर मागे मावेल का? बाबांचा पाय काढलाय. लवकरच घरी आणायचंय.’

काकांच्या बोटांना घाम फुटला होता. घाईघाईने त्यांनी किंमत लिहिली, खाली सवलत जोडली. बाई एवढंच म्हणाल्या, "तिनं काय विचारलंय?"

काकांनी सगळं पुसलं. ‘गाडी मोजून लगेच फोन करतो,’ असं कळवून ते टेप घेऊन उठले. परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. खोटंच ‘मावेल’ म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? मालक आता दारात येऊन उभे होते.

काकांनी फोन लावला. "ताई, या गाडीत नाही मावणार. दुसरी एक आहे, तिच्यात मावेलसं वाटतं. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. खुर्ची घेऊन या, घालून बघू."

 पलीकडून फोन बंद झाला. मालक आत गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला हातातून सोडलंच नाही. दुपार कलली आणि ती आली, रिकामी खुर्ची ढकलत. काकांनी खुर्ची मिटली, उचलून त्या दुसऱ्या गाडीत सरकवली. मागचं दार बसलं. तिनं ते स्वतः पुन्हा उघडून लावून पाहिलं, आणि गाडीला टेकून रडू लागली. काका पाण्याचा ग्लास घेऊन उभे राहिले. गाडीबद्दल अक्षर बोलले नाहीत.

गाडी तिनं घेतली. काका विक्रीतच राहिले.

आता माझी बॅटरी तग धरत नाही. लवकरच माझ्या जागी नवा येईल. तो थरथरला की त्याला पालथा घालू नका, एवढीच विनवणी. आधी वाचा, मग बोटं चालवा. पलीकडे कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं.