दुसऱ्या पट्टीची दिशा

आठ वर्षं मी एका यंत्रावर घालवली. यंत्र लोखंडाचं नव्हे, कागदावरचं. त्याला अक्षरांची ओळ द्यायची, त्यानं ती वाचून 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढंच सांगायचं. आमची ओळ डीएनएसारखी दुहेरी होती: एका पट्टीवर ए असेल तर समोर टी, जी असेल तर सी. पट्ट्या दोन, म्हणून वाचणारी डोकीही दोन. एक पुढे पळतं, दुसरं मागे राहून मोजतं, आणि त्या जोरावर ओळीतले पहिले, मधले आणि शेवटचे गट सारख्याच लांबीचे आहेत का, हे यंत्र ओळखतं. एका डोक्याच्या साध्या यंत्राला हे सात जन्मांत जमायचं नाही. हे मी सिद्ध केलं. निबंध छापून आला. माझं नाव आधी, माझ्या मार्गदर्शक सरांचं नंतर.

उरला होता प्रबंध. शेवटची मुदतवाढ महिनाअखेरीला संपत होती, आणि पदवी नसेल तर पुढच्या सत्रापासून कॉलेजात शिकवायचे माझे तासही जाणार होते.

माझी नणंद एका लॅबमध्ये डीएनएचे नमुने तपासते. रविवारी ती आली आणि मटार सोलता सोलता तिनं माझं शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. त्यात मी ऐटीत लिहिलं होतं की हे यंत्र परीक्षानळीत उतरवता येईल, डोक्यांच्या जागी एन्झाइम चालतील. ती फिसकन हसली.

"वहिनी, तुमचं दुसरं डोकं उलटं चालतंय."

"म्हणजे?"

"अहो, दोन पट्ट्यांच्या दिशा विरुद्ध असतात. एन्झाइम पट्टीवर एकाच दिशेनं जातं. एक या टोकाकडून निघालं, तर दुसरं त्या टोकाकडून निघणार. तुम्ही दोघांना एकाच दारातून सोडलंय! हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात."

आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन ओळी काढल्या, एकीखाली एक, डावीकडून उजवीकडे, आपण लिहितो तशा. त्यानंतर आठ वर्षं आम्ही तसंच काढत राहिलो. डीएनएला हात कुणी लावला होता?

मी रात्रीपर्यंत पानं काळी केली. डोकी समोरासमोरून आली आणि भेटल्यावर थांबली, की तीन गटांची तुलना होतच नाही. यंत्र गार, प्रमेय निकामी.

सोमवारी सरांच्या खोलीत गेले. पट्ट्यांच्या दिशेची चूक त्यांना सांगितली. सरांचा चेहरा जराही हलला नाही.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. निबंध छापल्यावर एका वाचकाचं पत्र आलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत, सर?"

"तुझी फेलोशिप बंद पडली असती. तुझ्याच भल्याचं पाहिलं मी." मग ड्रॉवरमधून काही पानं काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "आणि काम काही वाया गेलेलं नाही. हे बघ, कालच स्वीकारलं गेलं."

उलट दिशांनी चालणाऱ्या दोन डोक्यांचं यंत्र. लेखक दोन: सर आणि त्यांची सून. सून आमच्याच विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. चार वर्षं मी तिला माझी प्रत्येक सिद्धता समजावून सांगितली होती.

पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं: 'पूर्वीच्या कामात पट्ट्यांच्या दिशेकडे दुर्लक्ष झाले आहे.' मी मागची यादी उघडली. संदर्भ क्रमांक एक. माझं नाव, आणि पुढे 'व इतर'.

"इतर म्हणजे तुम्हीच ना, सर?"

"तशी पद्धतच आहे. शिवाय तुलाही संदर्भ मिळतोय," ते म्हणाले, आणि एक छापील फॉर्म पुढे केला. 'माझ्या माहितीप्रमाणे या प्रबंधात कोणतीही ज्ञात चूक नाही.' खाली त्यांची सही आधीच झाली होती. "शेवटचं प्रकरण काढून टाक, प्रमेय राहू दे. दुरुस्तच करायचं असेल तर नवी नोंदणी, आणखी चार वर्षं. तुझं तू ठरव."

फॉर्म त्यांच्या तोंडावर फेकावा असं फार वाटलं. मी सही केली. नंतर स्वतःचा इतका संताप आला, की जिन्यात कुणी 'झालं का?' म्हणून विचारलं असतं तर अंगावर धावून गेले असते. कुणीही विचारलं नाही.