मोकळी मात्रा

यमुताईंच्या कीर्तनाला जे बसले आहेत त्यांना ठाऊक आहे, बाई आधी नास्तिकाची बाजू मांडत. आणि मांडत अशी की भाविकांची चुळबुळ व्हावी. पदर खोचून, हात नाचवून विचारत, "देव आहे कुठे? सारं पोटासाठी सोंग!" मग झांज थांबायची, सभामंडप चिडीचूप व्हायचा आणि त्या शांततेत त्यांचं उत्तर पडायचं. शंका जितकी जोरकस, तितकं उत्तर गोड, ही कीर्तनाची जुनी रीत.

मोहितनं शंका तेवढी उचलली. उत्तर कापून टाकलं.

मोहित गल्लीतलाच, रॅप करणारा. मंदिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यानं ताईंचा आवाज घेतला, "सारं पोटासाठी सोंग" एवढाच तुकडा ढोलावर गरगर फिरवला आणि वर स्वतःची बडबड घातली. गाणं शहरभर, जरीपटक्यापासून वाडीपर्यंत वाजलं. ताई भाजीला निघाल्या की पोरं मागून तेच ओरडत. मंदिराचे अध्यक्ष रुपराव हात जोडत घरी आले. "ताई, यंदा नवरात्रात राहू द्या. लोक हसून राहिले."

झांजा फडक्यात गुंडाळून ताईंनी माळ्यावर ठेवल्या.

त्यांची भाची गार्गी लहानपणापासून आत्याच्या मागे चिपळ्या घेऊन उभी राहायची. तिनं माळ्याकडे पाहिलं आणि मनाशी गाठ मारली: आत्या पुन्हा नारदाच्या गादीवर उभी राहील, आणि मोहितची मान चारचौघांत खाली जाईल. देवानं क्षमा शिकवली हे खरंच. पण सुदर्शन काही त्यानं शोभेला धरलेलं नाही.

वाडीला गोदामांच्या मागे तिच्या कॉलेजातला केयूर भाड्याच्या खोलीत बीट, म्हणजे रॅपखालचा ठेका, बनवायचा. गार्गी तिथे जाऊन बसली.

"पहिलीच बीट का?" त्यानं विचारलं.

"पहिली आणि शेवटची. एकालाच लोळवायचं आहे."

"बापरे! बस मग."

तिनं कॉम्प्युटरवर जे सापडलं ते सगळं ओतलं. तबला, पेटी, शंख, बाहेरच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा. केयूरनं ऐकलं आणि कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"काहून वं, ही बीट हाय का वरात?"

"राग आहे माझा तो."

"राग ठेव ना, मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण सगळ्याच वाद्यांच्या हाती नको देऊ त्याले. आधी तोंडानं वाजव. धुम्म, टाक. धुम्म धुम्म, टाक. तोंडात बसली तर मशीनवर बसन. एक ढोल, एक टाळी, तुझी चिपळी आन् आवाज, बस. नवीन पोरं भरतच राहतात, तिथंच मरतात. जिथं वाजवाची लय खाज सुटते, तिथं हात उचल. जागा मोकळी सोड."

गार्गीचा हात माउसवरच राहिला. "हे तर आत्या करते."

"मंग माझ्याकडं काहून आली?"

मोहितनं तुकडा उचलला त्या कीर्तनाचं पूर्ण रेकॉर्डिंग गार्गीच्या मोबाइलमध्ये होतं. तिनं ढोल हळू लावला, टाळी मागे ठेवली, पेटी-शंख पुसून टाकले. आणि ज्या जागी मोहितनं कात्री चालवली होती, तिथं एक मात्रा रिकामी सोडली. "फुटक्या स्पीकरवर आयकून पाय," केयूर म्हणाला, "लोकं तिथंच आयकतात. आन् पुरी कर. अर्ध्या बीटनं कोणाचं काही वाकडं होत नाही."

रविवारी वाडीच्याच एका रिकाम्या गोदामात रॅपवाल्या-बीटवाल्यांची स्पर्धा होती. मोहितनं आपलं गाजलेलं गाणं म्हटलं. लेकाचा थाट पाहायला त्याची आई शोभाताई पहिल्या रांगेत बसलेली. मग गार्गीनं आपली बीट लावली.

आत्याचा आवाज उमटला. "सारं पोटासाठी सोंग!" गोदाम खदखदून हसलं, सोबत ओरडलं. आपलाच मान आहे समजून मोहितनं दोन्ही हात उंचावले.

ढोल थांबला. टाळी थांबली. हसणं अर्ध्यात लटकलं.

आणि त्या मोकळ्या मात्रेत मोहितनं कापलेलं यमुताईंचं उत्तर कडाडलं: "आधी आईच्या डोळ्याला डोळा भिडव, मग ये देव पाहायला!"

वर नुसती चिपळी. मग ढोल.

मोहितचे हात वरच राहिले. आईकडे पाहावं तर धीर होईना, न पाहावं तर सगळं गोदाम पाहतंय. "भिडव बे मोहित!" कुणीतरी मागून ओरडलं. "वन्स मोअर!" शोभाताईंचा चेहरा उतरलेला गार्गीला दिसला. तिनं तो नीट पाहिला आणि बटण पुन्हा दाबलं.

त्यानंतर मोहित दिसला की गल्ली उत्तर म्हणू लागली. रुपराव परत आले, चपला दाराबाहेरच सोडून. "ताई, लोक पुसून राहिले, पुढचं कधी?"

माळ्यावरून झांजा खाली आल्या.

कीर्तन रंगलं. आरतीनंतर रीतीप्रमाणे सगळे ताईंच्या पाया पडायला रांगेत लागले, कारण गादीवर उभा असेल तो नारदच. ताई प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लावत होत्या, मागे गार्गीच्या चिपळ्या चालू होत्या. रांगेत शोभाताईंनी दंडाला धरून आणलेला मोहित आला. ताईंच्या बोटावर बुक्का तयार होता, डोळ्यांत माया होती.

गार्गीनं चिपळ्या थांबवल्या. सगळा मंडप वळून पाहू लागला. तो गुडघ्यावर आला, मान चारचौघांत खाली गेली, कपाळ ताईंच्या पावलांना टेकलं, तोवर तिनं ती मात्रा मोकळी ठेवली.

मग वाजवली.